डायनोवर घोडे मोजायला येऊ नका

प्रश्न हडपसरच्या एका तरुणाचा आहे, थोडक्यात असा. २०२१ ची केटीएम ३९० ड्यूक, २६ हजार किलोमीटर झालेली. मूळ सायलेन्सरच्या जागी धूर कमी अडवणारा फ्री-फ्लो बसवलाय आणि धुता येणारा एअर फिल्टर टाकलाय. तेव्हापासून मगरपट्ट्याच्या ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला गाडी गचके खाते, रेस सोडली की मागे फटफट वाजतं. ओळखीच्या एकाने पिगीबॅक ईसीयू (इंजिन चालवणाऱ्या मूळ संगणकाला, म्हणजे ईसीयूला, वरून जोडायचा डबा) आणि त्यात टाकायची तयार मॅपची, म्हणजे कधी किती पेट्रोल द्यायचं त्या तक्त्याची, फाइल दिली. गचके होते तसेच राहिले, वर पेट्रोल जास्त जायला लागलं. आता विचारतायत की डायनोवर, म्हणजे चाक ड्रमवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, ट्यून केली तर किती एचपी वाढेल आणि पैसे वसूल होतील का.

एचपीचं आधी सांगून टाकतो. अशा गाडीत, अशा बदलांवर, मला चाकापाशी साधारण दीड-दोन घोडे मिळतात, तेही वरच्या आरपीएमला. मगरपट्ट्यात ते तुम्हाला कधी भेटणार नाहीत. तेवढ्यासाठीच येणार असाल तर पैसे वाचवा. गचक्यांसाठी येणार असाल तर मात्र या, कारण ते काम डायनोशिवाय नीट होत नाही. रस्त्यावर ते का होत नाही, तेच खरं समजून घेण्यासारखं आहे.

मी या धंद्यात आलो तेव्हा कार्ब्युरेटरच होते. नाना पेठेतून चार-पाच वेगवेगळ्या नंबरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) आणायचे, एक बसवायचा, बोपदेव घाटात फुल थ्रॉटलवर गाडी चढवायची, मध्येच क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि तिथेच कडेला गरम प्लग खोलून रंग बघायचा. पांढरट असला तर पेट्रोल कमी, काळा असला तर जास्त, विटकरी असला तर चहा प्यायला मोकळे. ही पद्धत फुल थ्रॉटलला चालायची, कारण तेव्हा मूठ पूर्ण पिळलेली असते आणि इंजिन एकाच अवस्थेत राहतं. पण पाच-सात टक्के थ्रॉटल आणि साडेतीन हजार आरपीएम, म्हणजे तुमचं ट्रॅफिक, ही अवस्था रस्त्यावर दोन सेकंदही टिकत नाही. चढ आला, मूठ हलली, समोर रिक्षा आली की इंजिन मॅपच्या दुसऱ्याच खान्यात. आणि फ्युएल इंजेक्शनच्या मॅपमध्ये असे खाने शेकड्यांनी असतात: एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल किती उघडा आहे ते, आणि प्रत्येक खान्यात एक आकडा.

डायनोचं खरं काम इथे आहे. पण कोणताही डायनो नव्हे. नुसत्या जड ड्रमचा डायनो असतो, त्याला इनर्शिया डायनो म्हणतात. ड्रम किती झपाट्याने वेग घेतो त्यावरून तो ताकद काढतो. त्यावर फुल थ्रॉटलचा आलेख सुरेख निघतो, बाकी काही होत नाही. तुम्हाला हवा तो एडी करंट ब्रेक असलेला. त्यात विजेच्या चुंबकाने ड्रमला रोखून धरता येतं: तुम्ही मूठ कितीही पिळा, आरपीएम साडेतीन हजाराच्या वर जाणार नाही. घाट तुमच्या मर्जीप्रमाणे उभा-आडवा करता यावा तसं. म्हणून दुकानात फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: तुमच्या डायनोला ब्रेक आहे का? उत्तराऐवजी ‘आमच्याकडे अमुक गाडीला अमुक एचपी काढलेत’ असं ऐकू आलं तर फोन ठेवून द्या.

आता तुमच्यासारख्या एका गाडीवर मागच्या महिन्यात काय केलं ते सांगतो, म्हणजे कल्पना येईल. गाडी बांधली, तेल गरम होऊ दिलं, चौथा गिअर टाकला. ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू जी आपोआप सुधारणा करत असतो ती चाचणीपुरती थांबवली, आणि सायलेन्सरमध्ये आमचा वाइडबँड सेन्सर घातला, जो धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगतो. थ्रॉटल सहा टक्के, आरपीएम ३५००, ब्रेकने धरून ठेवलं. पडद्यावर लॅम्बडा १.०६. म्हणजे पेट्रोल जाळायला जितकी हवा लागते त्यापेक्षा सहा टक्के जास्त. टॉर्कचा आकडा स्थिर नव्हता, थरथरत होता, आणि दर काही सेकंदांनी एक ठोका गिळल्यासारखा आवाज. मालक शेजारी उभे होते. तो आवाज आला तसे म्हणाले, “हाच! हाच गचका.” चार टक्के पेट्रोल वाढवलं, लॅम्बडा १.०२ वर आला, थरथर अर्धी झाली. सात टक्क्यांवर ०.९९, आणि आकडा खिळला. दहा टक्के करून पाहिलं, टॉर्क तसूभर वाढला नाही, म्हणजे वरचं पेट्रोल नुसतं फुकट. परत सातवर आलो. एक खाना झाला. मग चार हजार आरपीएम. मग आठ टक्के थ्रॉटल. दोन तास आम्ही पंधरा टक्के थ्रॉटलच्या वर गेलोच नाही. मालकांना वाटलं आम्ही वेळ काढतोय. फुल थ्रॉटलचं काम शेवटी अर्ध्या तासात उरकलं.

त्यानंतर सेन्सरची सुधारणा परत चालू केली. हे महत्त्वाचं आहे, कारण तुमच्या तयार मॅपचा घोटाळा बहुतेक इथेच आहे. शांतपणे एका वेगाने गाडी चालत असते तेव्हा ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघून लॅम्बडा १ च्या आसपास राखायला धडपडतो, कारण धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिथेच नीट काम करतो. पिगीबॅक इकडून आठ टक्के वाढवतो, ईसीयूला सेन्सर सांगतो की पेट्रोल जास्त झालं, तो तिकडून आठ टक्के काढून घेतो. एकाच आमटीत दोघी जणी मीठ बघतायत आणि एकमेकींशी बोलत नाहीत. शिवाय काही ईसीयू ही वजाबाकी लक्षात ठेवतात आणि जिथे सेन्सरचं ऐकत नाहीत त्या भागातही लावतात. म्हणून सेन्सरचं ऐकणाऱ्या भागात मी मूळ आकडाच १ च्या इतका जवळ आणून ठेवतो की ईसीयूला दुरुस्तीला फार काही उरत नाही. त्याची ये-जा कमी झाली की सिंगल सिलिंडरमध्ये जाणवणारी ती मागे-पुढे ओढ बरीचशी जाते. काही जण सेन्सरच काढून टाकतात, त्याजागी छोटं खोटं सिग्नल देणारं जोडतात. रोजच्या गाडीला मी ते करत नाही.

तयार मॅप वाईट असतोच असं नाही. पण तो कुणाच्या तरी गाडीवर, कुठल्या तरी सायलेन्सरवर, कुठल्या तरी पेट्रोलवर बनवलेला असतो. यातल्या पेट्रोलचंच घ्या. शुद्ध पेट्रोलला एका भागास हवेचे १४.७ भाग लागतात, वजनाने. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ पुरतात. १० टक्क्यांच्या इंधनावर बनवलेला मॅप २० टक्क्यांच्या इंधनावर तसाच चालवला तर मिश्रण साधारण चार टक्के पातळ पडतं, म्हणजे पेट्रोल तेवढं कमी पडतं. सेन्सरचं ऐकणाऱ्या भागात ईसीयू ते भरून काढतो, फुल थ्रॉटलला बहुतेक गाड्यांत नाही काढत. आणखी एक गंमत: डायनोच्या पडद्यावर १३.० असा एअर-फ्युएलचा आकडा दिसला तर तो बहुधा लॅम्बडाला १४.७ ने गुणून दाखवलेला असतो, टाकीत कुठलंही पेट्रोल असो. त्यामुळे त्या आकड्यावर वाद घालू नका. लॅम्बडात बोला. फुल थ्रॉटलला मी ०.८७ ते ०.९० ठेवतो, ट्रॅफिकच्या भागात ०.९९ ते १.

फसवा आकडाही असतो, आणि त्यात मी स्वतः चांगला आपटलोय. इंजेक्शनवर नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका गाडीत कमी थ्रॉटलला लॅम्बडा १.१५ दाखवत होता. पेट्रोल वाढवलं, आकडा हलेना. आणखी वाढवलं, उलट वर गेला. दुपारभर मी वाढवतच होतो. संध्याकाळी प्लग काढला तर काजळीने काळाकुट्ट. वाइडबँड पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. ठोका चुकला की त्या ठोक्याची हवा न जळता तशीच बाहेर पडते आणि सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे. तिथे आधीच पेट्रोल जास्त होऊन प्लग मिस मारत होता आणि मी त्यात भर घालत बसलो होतो. मूळ कारण तर त्याहून साधं: इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या बेंड पाइपच्या तोंडाचं गॅस्केट फाटलेलं, तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती. तेव्हापासून नियम एकच. आधी गाडी निरोगी करायची, मग ट्यून करायची. टॅपेट, प्लग, थ्रॉटल बॉडीतला काजळीचा थर, फ्युएल पंपाचा दाब, बॅटरीचं व्होल्टेज. बॅटरी का, तर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर विजेने उघडतो आणि व्होल्टेज पडलं की उघडायला उशीर करतो. ट्रॅफिकमध्ये तो मुळातच दोन-तीन मिलिसेकंद उघडत असतो, त्यातले काही दशांश गेले तरी मिश्रण बदलतं.

वरच्या टोकाला उलटा प्रश्न. ९००० आरपीएमला एक पूर्ण चक्र १३.३ मिलिसेकंदांत संपतं. इंजेक्टर त्यातले ११ मिलिसेकंद उघडा राहिला तर ८० टक्क्यांच्या वर गेला, पुढे वाढवायला जागा उरली नाही. तुमच्या दोन बदलांवर तिथपर्यंत कोणी जात नाही, पण मोठ्या बोअरचं, म्हणजे सिलिंडर रुंद करायचं, खूळ डोक्यात असेल तर लक्षात असू द्या.

इग्निशन टायमिंगबद्दल, म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडते त्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण तयार फायलींमधली खरी भीती तिथे आहे. ठिणगी एकेक अंश अलीकडे आणत गेलं की टॉर्क वाढतो, मग वाढायचा थांबतो. थांबला तिथून मी एक-दोन अंश मागे येतो. कारण डायनोवर समोर मोठा पंखा असतो, गाडीवर मागे कोणी बसलेलं नसतं, आणि तुम्ही एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता मागे माणूस बसवून दिवे घाट चढणार असता. तिथे इंजिन खडखडलं तर ते हेल्मेटमध्ये तुम्हाला ऐकूही येणार नाही, आणि पिस्टनचा कोपरा गेलेला कळेल तो इंजिन खोलल्यावर. कुणाच्या फाइलमध्ये टायमिंग सरसकट चार अंश अलीकडे आणलेलं असेल तर ती बनवणाऱ्याने इंजिनाचं बिल तुमच्यावर सोडलंय. आणि डायनोवर या तेव्हा रोज ज्या पंपावर भरता तेच पेट्रोल टाकीत असू द्या. एका दिवसापुरतं महागडं भरून आणलेल्या गाडीचं टायमिंग मी करत नाही.

फटफटीचं काय? रेस सोडली की बटरफ्लाय, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, बंद होते, आत हवा इतकी कमी येते की मिश्रण धड पेटत नाही, आणि न जळलेलं गरम सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. बाहेरून हवा मिळाली तर जास्तच. मूळ सायलेन्सर ते आवाज गिळायचा, फ्री-फ्लो गिळत नाही. जोडावर गळती नाही ना ते बघायचं, बंद थ्रॉटलच्या रांगेत थोडं पेट्रोल नीट करायचं, नव्वद टक्के जातं. उरलेलं दहा टक्के काही गिऱ्हाईकांना हवंच असतं. एक जण तर फटफट वाढवून द्या म्हणून आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवला.

तुमच्या गाडीत आणखी एक गुंता आहे, राइड-बाय-वायर. मूठ आणि बटरफ्लाय यांच्यामध्ये केबल नाही, मोटर आहे, आणि ती किती उघडायची ते ईसीयू ठरवतो. पिगीबॅक इंजेक्टरला आणि कॉइलला काय सांगायचं ते बदलू शकतो, बटरफ्लायला नाही. मुठीच्या पहिल्या मिलिमीटरला गाडी अंगावर येते ही तक्रार असेल तर ती पिगीबॅकने सुटणार नाही, मूळ ईसीयूच नव्याने लिहावा लागतो. गचका आणि अंगावर येणं यांत फरक आहे. येण्याआधी दोन दिवस चालवून नेमकं काय होतं ते बघा: स्थिर मुठीत होतं की मूठ उघडताना. स्थिर मुठीत होत असेल तर ते माझं काम आहे. उघडतानाच होत असेल तर चेनची सैल आधी तपासा, निम्म्या वेळा तेच निघतं.

आता आकड्यांचा बाजार, कारण हातात आलेखाचा कागद मिळाल्यावर तुम्ही तो मित्रांना दाखवणारच. कंपनी ४३.५ पीएस म्हणते, ९००० आरपीएमला. तो क्रँकपाशी, म्हणजे इंजिनातून ताकद निघते तिथेच, इंजिन बाकड्यावर ठेवून मोजलेला आकडा असतो. आपण चाकापाशी मोजतो. गिअर, चेन आणि टायर मिळून दहा ते पंधरा टक्के खातात. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेच्या बाकड्यावरचा आकडा आणि भोसरीच्या शेडमधल्या ड्रमवरचा आकडा यांची तुलना करायला जाऊ नका.

त्यात पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर. हवेचा दाब इथे ९५० मिलीबारच्या आसपास असतो, म्हणजे इंजिनाला मुळातच सहा-सात टक्के हवा कमी. डायनोचं सॉफ्टवेअर हे भरून काढायला एक गुणक लावतं. तीस अंश तापमान आणि मध्यम दमटपणा धरला तर एसएई नावाच्या प्रमाणित पद्धतीने तो गुणक १.०८ च्या आसपास येतो. म्हणजे खरे मोजलेले ३५ एचपी कागदावर जवळपास ३८ होतात, स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता. गुणक लावणं चूक नाही, पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली चाचणी ताडून बघायला तो लागतोच. चूक तेव्हा होते जेव्हा ‘आधी’चा कागद गुणकाशिवाय आणि ‘नंतर’चा गुणकासह देतात. दोन्ही कागदांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पद्धत, तापमान आणि दाब छापलेला असतो. तो वाचा. गिअरही तोच होता का विचारा, टायरमधली हवाही. मी एकदा मुद्दाम मागच्या टायरची हवा दहा पीएसआयने कमी करून त्याच गाडीचा एक घोडा गायब करून दाखवला होता. गाडी बांधायचा पट्टा जास्त आवळला तरी तसंच होतं.

तीन वेळा सलग चालवून तीन रेषा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. नाही बसल्या तर अजून काही तरी गरम होतंय किंवा घसरतंय, आणि त्या आलेखावरून काहीही ठरवायचं नसतं.

कायद्याचं एकदाच बोलतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही आहे. तुमचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर रस्त्यावरच्या गाडीचं काम मी घेत नाही, आधी तो परत बसवा. आवाजाचं तुमचं तुम्ही आणि चौकातले मामा बघून घ्या, पण मूळ सायलेन्सर भंगारात घातला नसेल अशी आशा आहे. खरं तर तो बसवून आधी आठवडाभर चालवून बघा. गचके पूर्ण गेले तर तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात स्वस्त उत्तर मिळालं.

नाहीच गेले आणि यायचं ठरलं, तर घरी एक तपासणी करून या. सकाळी इंजिन थंडगार असताना गाडी चालू करा आणि जाड ओलं फडकं दोन-तीन सेकंद सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरा. सगळे जोड घट्ट असतील तर इंजिन गुदमरून बंद पडायला येईल. बेंड पाइपच्या किंवा मधल्या जोडापाशी फुसफुस ऐकू आली आणि इंजिन मजेत चालू राहिलं, तर आधी तिथलं गॅस्केट बदला. मग फोन करा. अख्खा दिवस मोकळा ठेवा, टाकी अर्धी तरी भरलेली असू द्या, आणि ती तयार मॅपची फाइलही घेऊन या. आत काय लिहिलंय ते मलाही बघायचंय.